अडीच ट्रॉली कोळसा

पहिल्या भेटीत सरांनी माझं नाव विचारलं नाही. श्रीगोंदा तालुक्यातल्या एका रेल्वेकाठच्या गावात, तिथल्या माध्यमिक शाळेत मी विज्ञानाची शिक्षिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. शिक्षकांच्या खोलीत साठी ओलांडलेले एक उंच, वाळकुडे गृहस्थ बसले होते. शर्ट पांढरा, पँट पांढरी, खिशातला रुमाल पांढरा, चपलेचे पट्टेसुद्धा पांढरे. त्यांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"कर्जत."

"गावाखाली काय आहे?"

मला वाटलं, गावाच्या खालच्या अंगाला काय आहे ते विचारताहेत. म्हटलं, "खाली ओढा आहे. मग राशीनचा रस्ता."

"तसं नाही. जमिनीखाली काय आहे?"

"काळा पाषाण असेल. विहिरी खणताना सुरुंग लावावे लागतात."

सर उठून उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "अभिनंदन. सुखी गाव आहे." मग आपल्या डब्यातला अर्धा पेरू त्यांनी माझ्यापुढे ठेवला.

सर मूळचे ह्याच गावचे. आजोबा नगरच्या मिशन शाळेत शिकलेले, वडील मास्तर. सर स्वतः ऐन तरुणपणी वणी-चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात गेले आणि एका खाण कामगारांच्या वसाहतीतल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त होऊन गावी परतले, तर आमच्या शाळेत भूगोलाला माणूस नव्हता. मुख्याध्यापकांनी त्यांना तासिका तत्त्वावर घेतलं. त्यांच्याच घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली, त्यामुळे शाळेत सहकारी आणि घरी घरमालक असे सर मला दिवसभर पुरायचे.

पांढऱ्या कपड्यांवरून पोरांनी त्यांचं नाव 'चुना सर' ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. कोळशाच्या गावात पांढरा कपडा दुपारपर्यंतसुद्धा टिकत नसे. कॉलर काळी, बाही काळी, वाळत घातलेली चादर काळी. त्यामुळे इथे परतल्याबरोबर सरांनी सहा जोड पांढरे शिवून घेतले. रोज संध्याकाळी ते अंगणात उभे राहून शर्ट काढत, कॉलर उजेडात धरून बघत आणि बायकोला सांगत, "तांबडी धूळ आहे. झटकली की गेली." हे इतक्या समाधानाने, की जणू दिवसभराची कमाईच मोजून दाखवताहेत.

वर्गातला पंखा लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागे. परवानगी सरांची नव्हे. बटणाजवळ बसणाऱ्या मुलीने उठून म्हणायचं, "वीज कुठून आली?" वर्गाने म्हणायचं, "कोळशातून." "कोळसा कुठून आला?" "कोणाच्या तरी शेताखालून." मग पंखा. लाईट गेली की बाकीचे शिक्षक वैतागत, सर मात्र खडू खाली ठेवत आणि म्हणत, "तिकडे कोणीतरी दम खातंय. आपणही खाऊ."

आणि त्यांचा तो एक शब्द होता, 'कोण?'. पुस्तकात एक वाक्य होतं, 'हा प्रदेश खनिज संपत्तीने समृद्ध आहे.' दरवर्षी त्या वाक्यापाशी सरांचा तास अडायचा तो तीन दिवस हलायचा नाही. "समृद्ध आहे म्हणजे कोण? प्रदेश म्हणजे कोण? नाव सांगा, घर दाखवा." पोरं गोंधळून जात. कोणी म्हणे सरपंच, कोणी म्हणे आमदार, एकीने भीत भीत स्वतःच्या मामाचं नाव सांगितलं होतं. सहामाही परीक्षेत त्यांनी प्रश्न टाकला, 'प्रदेश समृद्ध झाला म्हणजे कोणाच्या घरात काय बदलले ते लिहा.' एकाने उत्तर लिहिलं, 'आमच्या घरात काहीच बदलले नाही, कारण आमचे घर प्रदेशाच्या बाहेर आहे.' सरांनी त्याला पाचांपैकी सहा गुण दिले. मुख्याध्यापक आठवडाभर त्या एका गुणावरून भांडत होते.

पण कोळशाला कोणी नुसत्या शिव्या दिल्या की सर त्यालाही आडवे जायचे. आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा खाणींच्या नावाने बोटं मोडली, तर हे म्हणाले, "माझा तीस वर्षांचा पगार, लेकीचं शिक्षण, माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, सगळं कोळशाने केलं. वसाहतीत गुलमोहर होते, नळाला चोवीस तास पाणी होतं. कुंपणापलीकडच्या गावात टँकर यायचा. दोन्ही खरं आहे. एकच सांगून मोकळं व्हायचं नाही."

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. काकू वणीकडच्या कुणब्याच्या घरातल्या. नगरचा ख्रिस्ती मास्तर आणि वणीची कुणबीण हे लग्न त्या काळात कसं जमलं, हे दोघांनी मला दोन वेगळ्या प्रकारे सांगितलं. सर म्हणत, "मी गावाचा नकाशा काढायला तिच्या शेतात गेलो होतो." काकू म्हणत, "नकाशा कायचा जी? पाणी प्यायला आले अन् विहिरीवरून हालेचनात."

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्या उन्हाळ्यात गावात जे झालं ते. आमच्या सरपंच ताई एकदा बायकांची एक बस भरून हिवरे बाजार बघून आल्या आणि आल्या त्या पेटूनच. गावच्या ओढ्याच्या वरच्या उतारावर पाणी अडवायला समतल चर खणायचे, तेही सगळ्या गावाने श्रमदानातून, असं ठरलं. चरांच्या ओळीने खुंट्या मारल्या. पहिल्या दिवशी दीडशे माणूस आलं, फोटो निघाले. दहाव्या दिवशी आम्ही सात जण होतो आणि त्यातले तीन शिक्षक होते. पुढे खुंट्याही दिसेनाशा झाल्या. लोकांनी शेळ्या बांधायला उपटून नेल्या होत्या.

अशात एप्रिलच्या एका सकाळी नानाभाऊ शाळेत आले. रेल्वेच्या कडेला, ओढ्याकाठी त्यांची लिंबोणीची बाग होती. डोक्यावर घमेलं, घमेल्यात काळे दगड. नववीचा वर्ग चालू असतानाच ते दारात उभे राहिले.

"सर, शेततळ्याला जेसीबी लावलाय. पाच फुटावर हे लागलं."

सरांनी लांबूनच बघितलं. "काळा पाषाण."

"वजनाला हलका हाय."

"हलका काळा पाषाण."

"हाताला काळं लागतंय, सर."

सर वर्गाकडे वळले. नानाभाऊंना उत्तर देण्यापेक्षा शिकवायची ही संधी त्यांना मोठी वाटली. हा सगळा मुलूख लाव्हाचा, थरावर थर, कोळसा असतो नद्यांच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळात, दामोदर, सोन, महानदी, वर्धा, असं त्यांनी हात नाचवत सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ह्या गावात कोळसा निघाला, तर मी उद्यापासून काळा शर्ट घालीन."

नानाभाऊंनी घमेलं तिथेच ठेवलं. त्यातला एक खडा मी प्रयोगशाळेत नेला. चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर ठेवला. एक मिनिट काही नाही, दोन मिनिटं काही नाही. मग कडेला लाल ठिपका दिसला, पिवळा धूर आला, डांबरासारखा वास पसरला आणि खडा जळायला लागला. मी ज्योत बाजूला केली तरी तो जळतच राहिला.

सर वासावर आले. दारातच थांबले, जवळ आले, वाकले, डोळे मिटून हुंगलं आणि प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसले. मला भीती वाटली की माणसाला धक्का बसला. मग ते उठले, नववीच्या वर्गात गेले, भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली काढला आणि श्रीगोंदा तालुक्यात पेन्सिलने एक छोटा काळा चौकोन काढला.

"लाव्हाच्या खाली जुने थर असू शकतात," ते मला म्हणाले. "असू शकतात, बाई. कोणी खणून बघितलंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शब्द पाळला. बाजारात त्यांच्या मापाचा एकच काळा शर्ट मिळाला होता आणि त्याच्या पाठीवर डरकाळी फोडणारा वाघ होता. सर फळ्याकडे वळले की वर्ग वाघाकडे बघत बसायचा. त्या आठवड्यात भूगोलाच्या तासाला हजेरी शंभर टक्के होती.

गावाचं तर काही विचारूच नका. स्टँडवरच्या चहावाल्याने हॉटेलचं नाव रातोरात 'ब्लॅक डायमंड' केलं. नानाभाऊंना कोणीतरी काळा चष्मा दिला आणि ते तो घालून बागेला पाणी द्यायला लागले. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर कोळशाचा फोटो. एका घरी मोडायला आलेली सोयरीक पुन्हा जुळली, वर मुलीकडचे स्वतः पेढे घेऊन आले. चावडीपुढे म्हातारी माणसं विमानतळ गावाच्या वर हवा का खाली, ह्यावर हातघाईवर आली. खाली नको, खाली चिखल होतो, असं बहुमत होतं. सगळ्यात मजा म्हणजे माणसं माणसांना जपून बोलायला लागली. कोणाच्या जमिनीखाली काय असेल, सांगता येत नव्हतं.

आणि ह्या सगळ्यात चरांचं काम जे थोडंफार चालू होतं, तेही बंद पडलं. सरपंच ताई बोलवायला गेल्या की लोक म्हणायचे, "ताई, आता पाण्याचं काय घिऊन बसलाय? हितं खान व्हनार हाय."

सर घरी अकरा पानी पत्र लिहीत होते. भूवैज्ञानिकांच्या कार्यालयाला. जेवताना भाकरीवर बोटाने थर काढून दाखवत होते, हा लाव्हा, हा वाळूचा खडक, हा कोळसा, आणि थर काढून झाला की तेवढी भाकरी खात होते. काकू गप्प होत्या. त्या गप्प आहेत हेसुद्धा सरांच्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. सर पिठल्यात भाकरी बुडवत म्हणाले, "हा प्रदेश आता समृद्ध होणार."

काकूंचा पळी धरलेला हात थांबला.

"कोन जी?"

सरांनी वर बघितलं. घास हातातच राहिला.

"तुमीच विचारता ना पोरांना," काकू म्हणाल्या. "मी विचारून राहिली. कोन?"

मग काकू माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच आपल्या माहेरचं सांगायला लागल्या. रागावून नव्हे. भाजी कशी केली हे सांगावं तशा.

"आमच्या बापाचं अठरा एकर कापसाचं वावर खाणीत गेलं. पैसे भेटले. चांगले भेटले. घराला स्लॅब पडला. भावाला खाणीत नोकरी लागली, तिच्या जोरावर भाची नर्स झाली. ते खोटं नाही म्हणत मी. बापानं जीप घेतली. चालवता येत नव्हती. ड्रायव्हर ठेवावा, तर जावं कुठं? वावरच नव्हतं. मग बाप रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून जीपमध्ये जाऊन बसे. चहा तिथंच, जेवण तिथंच. मी म्हटलं, बाबा, काऊन बसता? तर म्हणे, कुठं तरी जायची वेळ झाली असं वाटते." काकूंनी पिठलं वाढलं. "यायनं जिथं पाणी प्यालं, ती विहीर होती तिथं आता हवा आहे. काठावर उभं राहून बोट दाखवलं तर बोट हवेत जाते."

सरांनी घास ताटात ठेवला. हात धुतले. वाघाचा शर्ट घातलेला तो उंच माणूस त्या दिवशी अंगणात नुसताच इकडून तिकडे चालत राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार. सर चर्चला गेले आणि काकूंनी मला हाक मारली. "चाल माझ्यासंगं. सूप घे." आम्ही दोघी नानाभाऊंच्या शेततळ्यावर गेलो. काकूंनी पदर खोचला, खड्ड्यात उतरल्या आणि तांदूळ निवडायला बसावं तशा काळी माती सुपात घेऊन पाखडायला लागल्या. मी मूर्खासारखी वर उभी. तास गेला. त्या एकेक वस्तू काढून काठावर मांडत होत्या. राखेचे कडक झालेले गोळे. विटेचा तुकडा. गंजलेल्या फावड्याचं टोक. आणि मग त्यांनी काहीतरी पदराला पुसलं आणि माझ्या हातावर ठेवलं. हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा होता.

"तुझे सर म्हणते, कोळसा पंचवीस-तीस कोटी वर्षांचा जुना," काकू म्हणाल्या. "मग तवा बांगड्या भरायला कासार कुठून आला होता?"

मला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा मी तिथेच काठावर बसून हसायला लागले. काकूही हसायला लागल्या. रेल्वे रूळ पन्नास पावलांवर होते. कोळशाच्या इंजिनांच्या काळात गाड्या इथे कोळसा-पाणी घेत असणार, बायका टोपल्यांनी कोळसा वाहत असणार, उरलासुरला चुरा आणि राख ओढ्याकाठी टाकत असणार. वर गाळ साचला, बाग आली, सगळे विसरले. गावाची खनिज संपत्ती रेल्वेने आली होती, आणि कोण जाणे, कदाचित काकूंच्याच माहेराकडून.

सर चर्चमधून आले. काकूंनी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो उलटा-सुलटा केला, खिडकीशी नेऊन बघितला. मग म्हणाले, "मी थर बघत होतो. हिने माती बघितली." नंतर ते शाळेची किल्ली घेऊन गेले आणि नकाशावरचा चौकोन खोडून आले. खोडरबराने तिथला कागद थोडा निघालाच.

पण गाव आता कोणाच्या हातात नव्हतं. पुण्याहून जमिनीचा एक एजंट येऊन बसला होता. गोड बोलायचा, सगळ्यांना दादा म्हणायचा. रुळाच्या कडेची जमीन घ्यायला तो तयार होता, विसार देऊन बुधवारी कागद करायचे म्हणत होता. दहा-बारा जण सही करायला निघाले होते आणि त्यात नानाभाऊ पहिले. सरपंच ताईंनी त्याच सकाळी ग्रामसभा बोलावली.

सर काळा शर्ट घालूनच गेले. मी म्हटलं, "सर, आज तरी पांढरा घाला." तर म्हणाले, "कोळसा निघालाय हे खरं आहे ना? मग शब्द खरा."

त्यांनी मारुतीच्या पारापुढे शेगडी मांडली, नानाभाऊंचा कोळसा पेटवला आणि सगळ्यांसमोर चहा ठेवला. म्हणाले, "मी पाषाण म्हणालो होतो. चुकलो. हा कोळसा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा फिरला. मग त्यांनी काकूंनी काढलेल्या वस्तू एकेक करून दाखवल्या आणि बांगडीची गोष्ट सांगितली. टाळ्या थांबल्या.

एजंट हसत म्हणाला, "दादा, वरचा रेल्वेचा असेल. खाली खरा असेल. ह्या प्रदेशाचा विकास होणारच आहे."

मागच्या बाजूला नववीची पोरं उभी होती. त्यांनी सवयीने, एका सुरात विचारलं, "प्रदेश म्हणजे कोण?"

सभा हसली. एजंटालाही हसावं लागलं. पण नानाभाऊ हसले नाहीत. ते म्हणाले, "सर, तुमी एकदा पाषान म्हनला, मंग कोळसा म्हनला, आता रेल्वे म्हनताय. आमी कुनाचं ऐकायचं? खाली असलं तर?"

"असलं तरी ते तुमचं नाही," सर म्हणाले. "सातबारा म्हणजे जमिनीच्या कातडीचा कागद. आतलं सरकारचं. तुमच्या हातात राहील ते कागदाचं मोल आणि जाईल ती बाग."

"पर खाली हाय का न्हाई, ते तर कळू द्या."

सर म्हणाले, "ठीक आहे. सही करायच्या आधी खणून बघा. चार दिवस. कोळशाचा पट्टा असेल तर तो ह्या बाजूने वर जाईल, मी रेघ मारून देतो. सगळ्या गावाने खणायचं."

ही मागणी नाकारणं कोणालाच शक्य नव्हतं. सरांनी पोरांच्या खेळाच्या मैदानाची फक्की मागवली आणि नानाभाऊंच्या बांधापासून उतारावरून आडवी, वळत वळत जाणारी पांढरी रेघ मारली. सरपंच ताई त्यांच्यासोबत चालत होत्या. अर्ध्यावर गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "सर, ही रेघ कुठंतरी बघितल्यावानी वाटतीय."

"भूगोलात बऱ्याच रेघा सारख्या दिसतात, ताई."

फक्की कमी पडली तेव्हा दुसरं पोतं ताईंनीच मागवलं.

ते चार दिवस मी विसरणार नाही. दीडशे नव्हे, सगळं गाव उतारावर होतं. ज्यांची एकमेकांशी बांधावरून कोर्टात केस चालू होती, ते दोघे भाऊ एकाच घमेल्याला हात लावून माती टाकत होते. हॉटेल ब्लॅक डायमंड सामानासकट उतारावर आलं. एखाद्याची कुदळ कशाला खणखणली की सगळे धावत जायचे, काळा पाषाण निघायचा, सगळे परत यायचे आणि अजून जोरात खणायला लागायचे. सुनांनी सासवांशी पैजा लावल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी एजंट रुमालाने घाम पुसत तासभर बघत उभा राहिला आणि गाडीत बसून गेला, तो पुन्हा दिसला नाही. त्याच्याकडे कोणाचं लक्षही गेलं नाही. सर वाघाचा शर्ट घालून फक्कीत पांढरे झालेले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. सांगत होते, "इथे दोन फूट खोल. इथे सपाट हवं. पट्टा सपाट असतो, ध्यानात ठेवा."

सगळा मिळून कोळसा निघाला अडीच ट्रॉली, तोही नानाभाऊंच्या शेतातल्याच खड्ड्यातून. वर उतारावर तसूभर नाही. चौथ्या दिवशी सरपंच ताईंनी त्याच कोळशावर मोठ्या चुली पेटवल्या आणि गावजेवण घातलं. आमटी, भात, बुंदी. आमच्या गावाची सगळी खनिज संपत्ती अशी एका दुपारी जेवून झाली. कोणाला वाईट वाटल्याचं मी तरी पाहिलं नाही.

त्या पावसाळ्यात चर भरले. नानाभाऊंच्या विहिरीला दिवाळीनंतरही पाणी होतं. सर मात्र आतून अस्वस्थ होते. रविवारी चर्चमधून आले की कोणाशी बोलत नसत. शेवटी एका दुपारी मला म्हणाले, "बाई, माझ्यासोबत चला. साक्षीदार पाहिजे." आम्ही नानाभाऊंच्या बागेत गेलो. ते लिंबं तोडत होते.

"नानाभाऊ, मी तुमच्याशी खोटं बोललो," सर उभ्या उभ्याच म्हणाले. "ती रेघ कोळशाच्या पट्ट्याची नव्हती. चरांची होती. मी सगळ्या गावाला फसवलं."

नानाभाऊंनी पाटीत लिंबं टाकली. "म्हाईत हाय की."

"काय माहीत आहे?"

"सर, त्या खुंट्या आमीच मारल्या व्हत्या. अन् उपटून बी आमीच नेल्या. माझी शेळी अजून त्याच खुंटीला हाय." त्यांनी बागेच्या कोपऱ्याकडे हात केला. तिथे खरंच शेळी होती.

सरांनी शेळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग खणलं कशाला?"

"पयल्या दिशी खरंच वाटलं, असंल बा कोळसा. दुसऱ्या दिशी ध्यानात आलं. मंग आजूबाजूला बघितलं, तर समदं गाव हुतं. थोरल्या भावाशी मी सात वर्सं बोललो नव्हतो. त्यो माझ्या म्होरं घमेलं घिऊन उभा. म्हटलं, आता कशाला थांबवायचं. खनू."

"म्हणजे सगळ्यांना कळलं होतं?"

"समद्यास्नी न्हाई. पर एकमेकाला सांगितलं कुनीच न्हाई."

सर तिथेच बांधावर बसले. मग हसायला लागले ते इतके, की नानाभाऊंना तांब्या भरून पाणी आणावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर सर म्हणाले, "उद्या नववीचा तास तुम्ही घ्या."

"मी? मी सातवी नापास हाय, सर."

"मी तर नकाशा खराब केलाय."

दुसऱ्या दिवशी नानाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून वर्गात आले. मी खिडकीतून बघत होते. दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून ते सांगत होते, आपल्या रानात किती फुटावर मुरूम लागतो, कुठे चुनखडी आहे, पाझर कुठून येतो आणि कुठे मुरतो. सुरुवातीला आवाज अडखळत होता, मग तो सुटला. सर शेवटच्या बाकावर, दोन मुलांच्या मधे गुडघे दुमडून बसले होते आणि वहीत भराभर लिहून घेत होते. मधेच त्यांनी हात वर केला आणि उभे राहिले.

नानाभाऊंनी त्यांच्याकडे बघितलं. थोडा विचार केला. आणि म्हणाले, "खाली बसा. शंका शेवटी."

सर निमूटपणे खाली बसले.